नववा नंबर आला, तरी ‘नॉर्दर्न’ क्लब ‘सदर्न’ कसा झाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते ताडून बघता येईल. तुम्ही इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका लहान गावात राहायला आलात. मुलाला घेऊन दर शनिवारी गावच्या फुटबॉल क्लबचे सामने बघता. मागच्या मोसमात क्लब नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या ‘डिव्हिजन वन मिडलँड्स’मध्ये नववा आला. म्हणजे ना वर जायचा प्रश्न, ना खाली. तरीही यंदा तो सदर्न लीगच्या ‘डिव्हिजन वन सेंट्रल’मध्ये खेळतोय. मैदान तेच, संघ जवळपास तोच, पण उत्तरेचा क्लब दक्षिणेचा झाला. ही शिक्षा आहे का? आणि मुलाचा प्रश्न वेगळा: आपण ‘डिव्हिजन वन’मध्ये आहोत, मग प्रीमियर लीग एकच पायरी वर ना?

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, सात पायऱ्या’ असं आहे. ते त्याला कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. तुमचा क्लब त्याच इयत्तेत आहे, फक्त तुकडी बदलली.

मी बरीच वर्षं याच पट्ट्यातल्या एका क्लबाचा सेक्रेटरी होतो. बिनपगारी काम, शनिवार-मंगळवार घराबाहेर, आणि खिशात कायम मैदानाच्या किल्ल्या. त्या काळात आमचीही अशी तुकडी एकदा बदलली होती. तेव्हा मीही तुमच्यासारखाच चिडलो होतो, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

सगळा घोळ नावांनी घातलाय, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. आपल्या शाळेत आठवी अ, आठवी ब, आठवी क अशा तुकड्या असायच्या. आठवी क म्हणजे आठवी अ च्या खालची इयत्ता नव्हे, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नसे. इथेही तसंच आहे. प्रीमियर लीगचे २० क्लब आणि त्याखालच्या फुटबॉल लीगच्या तीन विभागांतले ७२, असे वरचे ९२ क्लब सोडले की पाचव्या पातळीपासून ‘नॅशनल लीग सिस्टिम’ सुरू होते. तिच्या इयत्तांना ‘स्टेप’ म्हणतात. स्टेप १ म्हणजे नॅशनल लीग, सगळ्या देशाची मिळून एकच तुकडी. स्टेप २ ला दोन तुकड्या, नॉर्थ आणि साउथ. स्टेप ३ ला चार, स्टेप ४ ला आठ, स्टेप ५ ला सोळा. प्रत्येक पायरीवर तुकड्या दुप्पट होतात. स्टेपच्या आकड्यात चार मिळवले की देशातली खरी पातळी मिळते. तुमचा क्लब स्टेप ४ ला आहे, म्हणजे आठव्या पातळीवर.

आता गंमत अशी की हे सगळं कोणी एका दिवशी बसून आखलेलं नाही. सदर्न लीग १८९४ ची, इस्थमियन लीग १९०५ ची, नॉर्दर्न प्रीमियर लीग १९६८ ची. या तिन्ही संस्था आपापल्या संसारात होत्या. प्रत्येकीची स्वतःची वरची-खालची डिव्हिजन, स्वतःचा चषक, स्वतःची ऐट. सदर्न लीगची ऐट तर खरीच होती: १९०१ साली टॉटनहॅमने एफए कप (देशभरातल्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा) जिंकला तेव्हा तो क्लब सदर्न लीगमध्ये होता. इस्थमियनने विजयाला तीन गुण १९७३-७४ मध्येच देऊन पाहिले, वरच्या फुटबॉल लीगने ते १९८१ मध्ये घेतले. पुढे एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, या जुन्या वाड्यांच्या भिंती पाडून एकच सलग इमारत केली, पण दारांवरच्या पाट्या जुन्याच ठेवल्या. म्हणून आजही स्टेप ३ च्या चार तुकड्यांची नावं नॉर्दर्न प्रीमियर लीग प्रीमियर डिव्हिजन, इस्थमियन प्रीमियर डिव्हिजन, सदर्न लीग प्रीमियर सेंट्रल आणि सदर्न लीग प्रीमियर साउथ अशी आहेत. ‘प्रीमियर’ शब्द दिसला की छाती फुगवायची नाही. स्टेप ५ च्या कित्येक लीगांच्या वरच्या विभागालाही ‘प्रीमियर डिव्हिजन’च म्हणतात, आणि ती नववी पातळी असते.

तर, तुमच्या स्टेप ४ च्या आठ तुकड्या अशा: नॉर्दर्न प्रीमियर लीगकडे तीन (ईस्ट, वेस्ट, मिडलँड्स), सदर्न लीगकडे दोन (सेंट्रल, साउथ) आणि इस्थमियनकडे तीन (नॉर्थ, साउथ सेंट्रल, साउथ ईस्ट). यांतली मिडलँड्स ही २०२१ च्या फेररचनेत आली. या आठही एकाच उंचीवर आहेत. कोणाला उत्तरेच्या लीगमधून दक्षिणेच्या लीगमध्ये टाकलं तरी ती उंची बदलत नाही.

मग हलवतात कशाला? इथे थोडं गणित आहे, पण कागद-पेन्सिल लागणार नाही.

नॅशनल लीगमधून दर मोसमात चार क्लब खाली येतात. खालच्या दोन तुकड्यांमधून प्रत्येकी दोन वर जातात, एक विजेता आणि एक प्लेऑफ (त्याच्या मागच्या क्रमांकांच्या क्लबांमधल्या जादा बाद लढती) जिंकणारा. चार खाली, चार वर. स्टेप २ च्या दोन तुकड्यांतून प्रत्येकी चार, म्हणजे आठ खाली. स्टेप ३ च्या चार तुकड्यांतून प्रत्येकी दोन, म्हणजे आठ वर. स्टेप ३ मधून सोळा खाली, स्टेप ४ मधून सोळा वर. स्टेप ४ मधून बत्तीस खाली, स्टेप ५ मधून बत्तीस वर. बेरीज इतकी सुरेख जुळते की पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चहा ठेवून कागदावर पुन्हा मांडून पाहिलं होतं.

पण हा हिशोब देशभराचा आहे. प्रत्येक तुकडीचा वेगळा हिशोब कधीच जुळत नाही, कारण कोण खाली येईल हे गुणतक्ता ठरवतो आणि तो क्लब कुठल्या भागातला असेल हे कोणाच्याच हातात नसतं. समजा, एखाद्या वर्षी सदर्न प्रीमियर सेंट्रलमधून घसरलेले चारही क्लब बर्मिंगहॅमच्या आसपासचे निघाले. त्यांना स्टेप ४ मध्ये जवळची तुकडी कोणती? मिडलँड्स. त्याच वर्षी स्टेप ५ मधून स्टॅफर्डशायर, लेस्टरशायरकडचे तीन-चार क्लब बढती घेऊन आले, तेही मिडलँड्सचेच. दुसरीकडे मिडलँड्समधून वर गेले दोन आणि खाली गेले चार, म्हणजे आलेल्यांपेक्षा कमीच. तुकडीत जागा मात्र ठरलेल्या, साधारण वीस ते बावीस. मग बाकावर नवीन पोरं येऊन बसली की जे होतं तेच होतं: टोकाला बसलेला सरकतो.

तुमचा क्लब टोकाला बसलेला आहे. नॉर्थॅम्प्टनशायर, बेडफर्डशायर, वॉरिकशायरचा दक्षिण भाग हा सगळा पट्टा असाच आहे: उत्तरेला टाकला तरी चालतो, दक्षिणेला टाकला तरी चालतो. आणि ज्याला कुठेही टाकता येतं त्यालाच टाकतात. लेस्टरच्या शेजारचा क्लब सेंट्रलमध्ये पाठवायला गेलात तर तो नकाशा हातात घेऊन भांडायला येईल आणि जिंकेलही. तुमच्या क्लबाला सेंट्रलच्या पट्ट्यातलं मिल्टन कीन्स शहर जवळ पडतं, त्यामुळे भांडायला मुद्दाच उरत नाही. तेव्हा तुम्ही नववे आलात, चौदावे आलात की सहावे, याचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. इंग्लिश फुटबॉलमध्ये या पातळीवर तक्ता फक्त टोकाच्या क्लबांचं भवितव्य ठरवतो. मधल्या बारा-तेरा क्लबांचं नकाशा ठरवतो.

वरच्या पातळीवर तर याहून विचित्र प्रकार होतात, कारण तुकड्या कमी आणि म्हणून पट्टे रुंद. बिशप्स स्टॉर्टफर्ड हा हर्टफर्डशायरचा क्लब, लंडनपासून फार लांब नाही. २०२३ मध्ये इस्थमियनचा विजेता होऊन स्टेप २ ला गेला आणि त्याला नॅशनल लीग नॉर्थ मिळाली. लंडनच्या सावलीतला क्लब साउथ शील्ड्सला, थेट टाइन नदीच्या मुखाशी सामने खेळायला जाऊ लागला. ग्लॉस्टर सिटीला काही वर्षं नॉर्थ, मग साउथ, मग परत नॉर्थ असं फिरवलंय. आणि देशाच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचा ट्रुरो सिटी २०२५ मध्ये नॅशनल लीगला पोहोचला, तेव्हा ईशान्येकडच्या गेट्सहेडच्या सामन्यासाठी एका बाजूचे साधारण ४५० मैल आले. ती तुकडी एकच असल्यामुळे तिथे तक्रार करायलाही जागा नाही.

आता हे कोण आणि कधी ठरवतं ते सांगतो. मोसम एप्रिलअखेर संपतो, प्लेऑफ होतात, आणि मे महिन्यात एफएची समिती सगळ्या पायऱ्यांची वाटणी जाहीर करते. लीग ठरवत नाही, हे लक्षात ठेवा. पुष्कळ प्रेक्षक लीगच्या लोकांवर राग काढतात. क्लबाला अपील करता येतं. त्याची सुनावणी होते आणि क्वचित निर्णय बदलतोही. पण एकाला हलवायचं तर त्याच्या जागी दुसऱ्याला उचलावं लागतं आणि तो दुसरा त्याच दिवशी आपली फाइल घेऊन हजर असतो.

आमची पाळी आली तेव्हा आम्ही अपील केलं होतं. कमिटीच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावला, जुन्या तुकडीतल्या प्रत्येक मैदानापर्यंतचे मैल मोजले, मग नव्या तुकडीतले मोजले. मला खात्री होती की फरक दुप्पट निघणार. प्रत्यक्षात अंतरात फरक होता तो पंधरा टक्क्यांच्या आसपास. आमचे खजिनदार म्हणाले, “एवढ्यासाठी अपीलची फी भरायची?” भरली. हरलो. आज मागे वळून बघताना वाटतं की आम्ही चुकीची गोष्ट मोजत होतो. एकूण मैल मोजायचेच नसतात. मंगळवारचे मैल मोजायचे असतात.

हे जरा खुलासेवार सांगायला हवं, कारण तुम्ही शनिवारचेच सामने बघता आणि क्लबाचं खरं दुखणं शनिवारी दिसत नाही. या पातळीवरचे खेळाडू नोकरदार असतात. कोणी विटा रचणारा, कोणी शाळेत शिक्षक, कोणी गोदामात शिफ्टवर. सामन्यामागे थोडे पैसे मिळतात, पण घर चालतं ते नोकरीवर. शनिवारी तीन वाजताचा सामना सत्तर मैलांवर असला तरी सकाळी निघता येतं, फार तर बायकोचं बोलणं खावं लागतं. मंगळवारी पावणेआठचा सामना सत्तर मैलांवर असेल तर चार वाजता काम सोडावं लागतं, मोटरवेवर गर्दीत अडकावं लागतं, आणि परत यायला मध्यरात्र होते. बुधवारी सहा वाजता शिफ्ट. आमचा डावा बचावपटू तुकडी बदलल्यावर ऑक्टोबरपर्यंत टिकला. नंतर एके दिवशी फोन करून म्हणाला की पुढच्या महिन्यापासून तो दोन पायऱ्या खालच्या, घराजवळच्या क्लबाकडून खेळणार आहे. मी अडवलं नाही. अडवायला तोंडच नव्हतं.

बरं, मंगळवारचे सामने किती पडणार हे आधी सांगता येत नाही. जानेवारीत मैदानात पाणी साचतं, सकाळी दहाला रेफ्री येऊन बूट रुतवून बघतो आणि मान हलवतो. मग मी फोन फिरवायचे: पाहुणा क्लब, सहायक रेफ्री, पाई (भरलेली पेस्ट्री) बनवणारी बाई, बारवाला. असे चार-पाच सामने पुढे ढकलले की मार्च-एप्रिलमध्ये सगळे मंगळवार-गुरुवार भरून जातात. ओला हिवाळा आणि लांबची तुकडी एकत्र आली की मधल्या फळीतला चांगला क्लबसुद्धा एप्रिलमध्ये ढेपाळतो. तुमचं मैदान पाणी धरणारं आहे की निचऱ्याचं, हे माझ्या मते तुकडीच्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे. एकदा क्लबहाउसमध्ये विचारून बघा, माळीबुवा तासभर बोलतील.

दुसरी गोष्ट डर्बीची. शेजारच्या गावाशी सामना असला की गर्दी तिप्पट होते, बारची विक्री त्याहून जास्त. आम्ही हलवले गेलो तेव्हा दोन जुन्या डर्बी गेल्या आणि पहिल्या वर्षी गल्ल्यात ती पोकळी चांगलीच जाणवली. पण नव्या तुकडीत एक क्लब बावीस मैलांवरचा होता. पहिल्या सामन्यात त्यांच्या गोलकीपरने आमच्या प्रेक्षकांना काहीतरी हातवारे केले, आणि झाली नवी डर्बी तयार. दोन वर्षांत लोक अशा आवेशाने बोलू लागले की जणू आजोबांपासूनचं वैर आहे. तेव्हा मिडलँड्समधल्या ज्या सामन्यांची तुमच्या मुलाला सवय झाली होती ते गेले याचं वाईट वाटणारच, पण हे वर्ष काढा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. वर मी जे ‘चार खाली, दोन वर’ सांगितलं ते सगळं सुरळीत असेल तर. वरच्या पातळीवरचा एखादा क्लब बुडाला, स्वतःहून बाहेर पडला, किंवा मैदान निकषांत बसलं नाही म्हणून खाली पाठवला गेला, तर एक जागा मोकळी होते आणि घसरलेल्यांपैकी एखाद्याला जीवदान मिळतं. त्यासाठी वेगवेगळ्या तुकड्यांमधल्या घसरलेल्या क्लबांची तुलना करतात, आणि तुकड्यांमध्ये सामन्यांची संख्या सारखी नसते म्हणून एकूण गुण न बघता सामन्यागणिक गुण बघतात. त्यामुळे शेवटच्या शनिवारी शेवटून चौथा राहिलेला क्लब रडतो आणि मे महिन्यात पेढे वाटतो, असं होतं. २०१९ मध्ये ‘बरी’ नावाच्या क्लबाची इंग्लिश फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झाली, तेव्हा लीग वनचा (तिसऱ्या पातळीचा) मोसम २३ क्लबांवर खेळला गेला आणि घसरणीचा हिशोब बदलावा लागला. एवढा मोठा क्लब असो की तुमच्याआमच्यासारखा, साखळीतला एक दुवा निखळला की धक्का खालपर्यंत येतो.

मैदानाचे निकष हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रकाशझोत किती लक्सचे, बसायच्या जागा किती, छताखाली किती, टर्नस्टाइल किती, प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये कठडा आहे की नाही. स्टेप ४ चा विजेता झालात आणि मार्चअखेर मैदान वरच्या इयत्तेच्या दर्जाचं नसेल, तर चषक घेऊन तिथेच बसा. आम्ही एक वर्ष प्लेऑफच्या तयारीपेक्षा दिव्यांच्या खांबांसाठी जास्त धावपळ केली होती. एका खांबावरचा दिवा ऐन तपासणीच्या दिवशी लागेना. विजेच्या माणसाने शिडीवरून खाली उतरून सांगितलं, “खारीने वायर कुरतडलीय.” तो मोसम आम्ही सातवे आलो, त्यामुळे खारीला माफ केलं.

आणि कधीकधी तक्ता, नकाशा, मैदान सगळं बाजूला पडतं. मार्च २०२० मध्ये करोनामुळे स्टेप ३ आणि त्याखालचा सगळा मोसम नोंदीतूनच पुसून टाकला गेला. जर्सी बुल्स नावाचा क्लब तेव्हा पहिल्याच मोसमात होता आणि लीगमधले खेळलेले सगळे २७ सामने जिंकला होता. त्याला त्या वर्षी बढती मिळाली नाही.

मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. आठव्या पातळीवरून पहिल्या पातळीवर जायला सात बढत्या. स्टेप १ मधून वर जायला तर दोनच जागा, आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. १९८७ च्या आधी तर आपोआप बढतीच नव्हती, वरच्या क्लबांनी मतदान करून आत घ्यायचं अशी पद्धत होती. स्कारबरो हा असा थेट वर गेलेला पहिला क्लब. तरी मुलाला अगदीच निराश करू नका. एएफसी विम्बल्डन २००२ मध्ये कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या नवव्या पातळीवर सुरू झाला आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला: नऊ मोसम, पाच बढत्या. आणि क्लब नाही गेला तरी खेळाडू जातात. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून तुमच्या जुन्याच नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये खेळायचा, २०१६ मध्ये लेस्टर सिटीबरोबर प्रीमियर लीगचा विजेता झाला. लेस्टर तुमच्यापासून लांब नाही, तेव्हा हे नाव त्याला माहीत असेलच.

शिवाय एफए कपमध्ये स्टेप ४ चे क्लब खेळतात, ऑगस्टच्या उन्हात सुरू होणाऱ्या अगदी सुरुवातीच्या फेऱ्यांपासून. आठव्या पातळीवरचा मरीन क्लब जानेवारी २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत पोहोचला आणि प्रीमियर लीगचा टॉटनहॅम त्यांच्या मैदानावर आला, जिथे एका बाजूच्या कडेला लागूनच लोकांच्या घरांची परसं आहेत. ०-५ हरले, पण तो सामना तिथले लोक विसरणार नाहीत.

शेवटचा तुमचा छोटा प्रश्न: पुढच्या वर्षी परत उत्तरेला जाऊ का? जाऊ शकता. एप्रिलमध्ये स्वतःच्या तक्त्याबरोबर तीन गोष्टी बघा. सदर्न प्रीमियर सेंट्रलच्या तळाचे चार क्लब कुठले आहेत. मिडलँड्समधून वर कोण चाललंय. आणि तुमच्या आसपासच्या स्टेप ५ च्या तुकड्यांचे विजेते मिल्टन कीन्सच्या कोणत्या बाजूचे आहेत. तळाचे चार क्लब बेडफर्ड-ऑक्सफर्डकडचे निघाले तर सेंट्रलमध्ये दाटी होईल आणि टोकाचा क्लब म्हणून पुन्हा तुम्हालाच सरकवतील. सीझन तिकीट घ्यायला हरकत नाही, ते घरच्याच सामन्यांचं असतं. फक्त क्लबाच्या दुकानात ‘नॉर्दर्न प्रीमियर लीग’ छापलेले मफलर स्वस्तात काढले असतील तर एक घेऊन ठेवा, दोन वर्षांनी परत लागेल.